दोरीच्या या टोकाला

३ जानेवारी

दादाचा जोडीदार बदली होऊन गेला आणि घरात बघता येणारे पाय तेवढे माझे उरले! दादाला दिसत नाही. शर्यतीत दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं जोडीदाराच्या. मार्चअखेर संघाची निवड आहे, पंधराशे मीटर. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नाही. मी शेवटची धावले ती शाळेत, तीही बाई मागे लागल्या म्हणून. आई म्हणाली, "भावासाठी एवढंही करणार नाहीस?" झालं. विषय संपला.

५ जानेवारी

प्रशिक्षकांचं नाव मी भोंगा ठेवलंय. त्यांचं कुजबुजणंही मैदानाच्या पलीकडे ऐकू जातं. आज पहिला धडा. "ताई, त्याला ओढायचं नाही. आणि शेवटच्या रेषेवर आधी तो, मागून तुम्ही. तुम्ही आधी गेलात की तो बाद." म्हटलं, सर, माझ्या बाबतीत ही काळजी सोडा. अर्ध्या वाटेत मीच बाद झाले. दादा थांबून म्हणाला, "तुझी धाप ऐकून वाटलं, मागून ट्रक चढ चढतोय."

१२ जानेवारी

पोटऱ्या दगड झाल्यात. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात खालच्या कप्प्यातली फ्रेम काढायला वाकले, ती टेबल धरून उठले. दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायचं, "शेवटची ओळ दिसते का?" आणि पहाटे भावाला सांगायचं, "डावीकडे वळण." डोळ्यांचा ठेका आमच्याच घराने घेतलाय बहुतेक.

२० जानेवारी

भोंग्याचं शास्त्र: वेग हवा तर थोडं अंतर जीव खाऊन पळा, मग चाला, मग पुन्हा जीव खाऊन. दम हवा तर लांब पळा, पण गप्पा मारता येतील इतकं सावकाश. गप्पा! आज लांबच्या धावेत दादाने भोंग्याची हुबेहूब नक्कल केली. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. शास्त्रात हे नव्हतं.

६ फेब्रुवारी

"ताई, हा अडतोय तो तुमच्यामुळे. तुम्ही याचा ब्रेक आहात." हे दादासमोर! दादा वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. भोंग्यापेक्षा त्याचाच राग आला.

७ फेब्रुवारी

दुकान सुटल्यावर इमारतीचे जिने चढले-उतरले. रोज करणार. ब्रेक म्हणे!

१९ फेब्रुवारी

वॉचमन म्हणाला, "मॅडम, रोज वर काय विसरता?"

१ मार्च

आज वळणं सांगताना एकदाही वाक्य तुटलं नाही. दादा म्हणाला, "धापच ऐकू येईना, तू सोबत आहेस की नाही तेच कळत नव्हतं." आमच्यात याला कौतुक म्हणतात. दिवसभर दुकानात उगाच हसत होते.

२८ मार्च

निवड झाली. म्हणजे, दुसऱ्यांची.

पहिल्या दोघांना घेणार होते. आम्ही तिसरे होतो. शेवटचं वळण संपलं, मी "सरळ" म्हणाले आणि माझे पाय सुटले. पुढची जोडी जवळ आली, बाजूला आली, मागे गेली. रेषा ओलांडली आणि मी दोन्ही हात वर केले, दोरीसकट. दादाचाही हात वर गेला. तो हसत होता.

पंच येऊन म्हणाले, "आधी तुम्ही गेलात." थोडीथोडकी नाही, अख्खी मी. सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त दादा विचारत होता, "दुसरे ना? आपण दुसरे आलो ना?"

त्याला भोंग्याने सांगितलं. पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात. मी दोरी गुंडाळत होते.

२९ मार्च

दादा जेवला नाही. आई म्हणाली, "अरे, चुकून झालं तिच्याकडून." तो मला म्हणाला, "ओढलं असतंस तरी एक वेळ समजून घेतलं असतं. तू मला विसरलीस."

खूप वाईट वाटतंय. चूक कधी झाली ते आठवून बघते. आठवतो तो फक्त वेग.

४ एप्रिल

पहाटे जाग आलीच. कुणाला न सांगता मैदानावर गेले, एकटीच धावले. छान धावले. इतकी छान की लाज वाटली. उद्याही जाणार आहे.