सासऱ्यांचा साबण

४ जून
सासऱ्यांचं घर आज रिकामं केलं. ते जाऊन वर्ष झालं, तरी मेहुण्याचं रडं थांबेना. कपाट त्याने घेतलं, भांडी बायकोने. मी काही मागत नाही, स्वभावच नाही. बाथरूमच्या फडताळात लाकडी वाटीतला त्यांचा दाढीचा साबण, ब्रश आणि रेझर दिसला, तेवढं पिशवीत टाकलं. साबण विंटेज आहे, कंपनी कधीच बंद पडली. माझ्या नजरेला दाद द्यायला हवी. कुणी दिली नाही.

५ जून, सकाळी
फोमचा डबा आजपासून बंद. डब्यातला फोम म्हणजे पुरुषांची थट्टा. व्हिडिओ बघून घेतले. साबण गरम पाण्यात मऊ करायचा, ब्रश घोळवायचा, रेझर आधी सुलट, मग उलट. त्यात काय एवढं!

त्यानंतर
कापलं. रेझर जुना, माझा हात चांगला आहे. फेस गालावरच वाळला, दोष पाण्याचा. जखमांवर कागदाचे कपटे चिकटवत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. मग जवळ आली, माझ्या गालापाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. लग्नाला बावीस वर्षं झाली, कामाशिवाय ती इतकी जवळ येत नाही. बोलायची गरजच काय!

८ जून
रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी उभी असते. एरवी मी ऑफिसला निघालो तरी पांघरुणातूनच हात हलवायची. आज डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुम्ही करा दाढी. बिचारी पार विरघळली आहे.
हनुवटी कापली. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, घरी मांजर पाळलंय का? जळतात, दुसरं काय.

११ जून
संध्याकाळीही दाढी सुरू केली. कातडी सोलवटली आहे, पण संसारासाठी माणसाने झिजायला नको? रविवारी दोघांनीच बाहेरगावी जायचं. हॉटेल बघून ठेवलंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

१४ जून, सकाळी
मेहुणा आला आणि दारातच माझ्या गळ्यात पडला. सोडेचना! खांद्यावर ढसाढसा रडला. उशिरा का होईना, या घराण्याला माझी किंमत कळली. सासऱ्यांना शेवटपर्यंत कळली नाही. माझ्या हातून एकदा कप फुटला काय, तेव्हापासून सगळ्यांना काचेच्या कपात चहा आणि मला स्टीलच्या पेल्यात. म्हणायचे, जावईबापू, जपून.

दुपारी
हॉटेलचं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यापाशी बहीणभाऊ, मध्ये माझा साबण, ब्रेडच्या सुरीने दोन तुकडे केलेला! बायको म्हणाली, बाबांचा वास आता एवढाच उरलाय आणि तुम्ही तो रोज धुऊन टाकताय. आधीच थांबवायला हवं होतं, पण सकाळी वास आला की बाबाच आत दाढी करतायत असं वाटायचं, थांबवावंसंच वाटेना.
एक तुकडा मेहुण्याच्या रुमालात गेला, दुसरा तिच्या कपाटात. मी विचारलं, आणि मला? मेहुणा म्हणाला, भावोजी, ब्रश ठेवा तुम्ही.
हॉटेलचं सांगायचं राहूनच गेलं.

१५ जून
फोमने दाढी केली. कुठेही कापलं नाही. बाथरूमचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.
शेवटी मीच खोलीत गेलो, वाकून गाल तिच्याजवळ नेला. डोळे न उघडताच म्हणाली, अहो, दूध आलं असेल, तेवढं आत घ्या.
घेतलं.