साहेबाचं इंग्रजी

अण्णा,

काल अकरावीच्या वर्गात तो शब्द पुन्हा आला. मास्टर. नाम म्हणून नव्हे, क्रियापद म्हणून. धड्यातली एक मुलगी पोहायला शिकते आणि शेवटी पोहणं मास्टर करते, असं वाक्य होतं. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे मालक, धनी, शिक्षक. दुसरीकडे प्रभुत्व मिळवणे, पारंगत होणे. बीडच्या या कॉलेजात बावीस वर्षं मी हे असंच लिहीत आलेय, कधी खडू अडला नाही. काल मात्र पहिल्या बाकावरची तलवाड्याची मुलगी उठली. होस्टेलवर राहते, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिनं विचारलं, प्रभुत्व मिळवणे म्हणजे काय? मी म्हटलं, एखादी गोष्ट पुरती यायला लागणे. ती म्हणाली, "मग मला येतं म्हणलं की झालं की मॅडम. मिळवायचं कावून?" वर्ग हसला. मी तिला बस म्हटलं आणि पुढच्या शब्दाकडे वळले. उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते तुमच्यापाशी अडकलेलं होतं, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

कारखान्याच्या चाळीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. मी नववीत आहे. आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून पाटावर बसलाय, अंगाला मळीचा तो गोड-आंबट वास, जो तुम्ही कितीही साबण लावला तरी हंगाम संपेपर्यंत जायचा नाही. परळीकडच्या त्या साखर कारखान्यात तुम्ही पॅनवर मदतनीस होता. पॅन म्हणजे तो दोन मजली उंच हंडा, ज्यात उसाचा पाक शिजून त्याचा दाणा धरतो, आणि त्याच्यापुढे उभा राहून दाणा कधी आला हे ओळखतो तो पॅनमन. जुने पॅनमन निवृत्त व्हायला आले होते. त्यांच्या हाताखाली तुमची बारा वर्षं गेली होती. त्यांच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, आणि चीफ केमिस्ट साहेब दक्षिणेकडचे, त्यांना मराठी जेमतेम, म्हणून अर्ज इंग्रजीत हवा होता. तुमचं शिक्षण सातवीपर्यंत. घरात इंग्रजी जाणणारी एकटी मी, आणि माझी तेव्हा कोण ऐट.

"लिव्ह," तुम्ही म्हणालात, "मला पॅनचं काम येतं." बस, एवढंच. मी पेन धरून बसले. 'आय नो' लिहायचं मला लाज वाटत होती, ते पाचवीतलं इंग्रजी. त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात मास्टर हे क्रियापद शिकवलं होतं आणि वाक्यात वापरून दाखवणाऱ्याला वहीवर शेरा मिळणार होता. मी लिहिलं, आय हॅव मास्टर्ड द पॅन. तुम्ही विचारलंत, "मी सांगितलं तेवढंच लिव्हलंस ना?" मी हो म्हटलं. तुम्ही खाली मराठीत सही केलीत, एकेक अक्षर सुटं, घोटून. आईनं पिठाचा हात लागू नये म्हणून अर्ज उचलून फळीवर ठेवला.

पुढचं मला चाळीतून तुकड्यातुकड्यानं कळलं. साहेबांनी अर्ज वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, मास्टर केलंय म्हणतोस, तर आजचा पॅन एकट्यानं शिजव, जुन्या पॅनमननं बाजूला बसायचं, काही सांगायचं नाही. शेजारी ऑफिसातला कारकून उभा होता. त्यानं अर्जातलं ते वाक्य सगळ्यांना मराठीत करून सांगितलं, "पॅनचे मालक झालेत म्हणे हे." नेमका त्या दिवशी ऊस शिळा होता, रस बिघडलेला. तुम्ही बारा वर्षं काम केलं होतं, पण शेवटच्या घटकेला मान वर करून पाहायला जुने पॅनमन नेहमी शेजारी असायचे. त्या दिवशी ते खुर्चीवर बसून जमिनीकडे बघत होते. दाणा बरा चालला होता, आणि मग मध्येच भुकटीसारखा बारीक दाणा उठला, ज्याला तुम्ही लोक खोटा दाणा म्हणायचात. पाणी सोडून सगळा पॅन पुन्हा विरघळवावा लागला. जागा दुसऱ्याला गेली. आणि तुम्ही कारखान्यात 'मालक' झालात. या मालक, चहा घ्या मालक. पुढे कित्येक महिने.

दुसऱ्या कुणाला ती निव्वळ थट्टा वाटली असती. आपल्या घरात तो शब्द चालत नव्हता. आजोबांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर 'जी मालक' म्हणत काढलं होतं. तुम्ही धम्मदीक्षेनंतर जन्मलेले. मी लहानपणी दुकानदाराला मालक म्हटलं तर तुम्ही मला रस्त्यात थांबवून, कधी नव्हे ते चढ्या आवाजात, सांगितलं होतं की काका म्हण, शेठ म्हण, मालक कुणाला म्हणायचं न्हाई. आणि माझ्याच हातानं तो शब्द तुमच्या पाठीला चिकटला.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत आणि मला समोर बसवलंत. रागावला नव्हतात, तेच वाईट. "बाई, त्या अर्जात तू काय लिव्हलं व्हतंस?" मी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच. पॅनचं काम येतं, एवढंच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चुलीवर तवा रिकामाच तापत होता, आईनं त्यावर भाकरी टाकायची थांबवली होती. मग तुम्ही म्हणालात, "मग साहेबाचंच इंग्रजी कच्चं असंल." आणि जेवायला बसलात.

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी ते पचवलं असतं. पण तुम्ही ते चाळभर केलंत. पाण्याच्या नळावर, सायकलच्या दुकानात, कुणी मालक म्हणून हाक मारली की तुम्ही हसून म्हणायचात, साहेबाला इंग्रजी कमी येतं, आमची पोरगी बरोबर व्हती. परळीला जाऊन माझ्यासाठी इंग्रजी-मराठीची जाडजूड डिक्शनरी आणलीत. दहावीनंतर मामा स्थळ घेऊन आले, मुलगा नोकरीला, घर चांगलं. आईचं मन झालं होतं. तुम्ही मामांना चहा पाजलात आणि सांगितलंत, "जिचं इंग्रजी साहेबापरीस पक्कं हाय, तिला मी चुलीपाशी बसवू व्हय?" मामा पिशवी उचलून निघाले. मी आत माजघरात उभी होते, हातात ती डिक्शनरी, आणि मला रडू येत होतं. आई समजली की मला लग्न करायचं नाही म्हणून. ते खरंच होतं, पण रडू त्याचं नव्हतं. माझं कॉलेज, माझी नोकरी, काल हातात होता तो खडू, सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे. तुमच्या पॅनमधल्यासारखा खोटा दाणा, फक्त हा कुणी विरघळवला नाही.

मी अंबाजोगाईला बारावीत असताना ती जागा पुन्हा निघाली. मी सुट्टीला आले होते. तुम्ही त्याच पाटावर बसून स्वतःच लिहीत होता, मराठीत. मी म्हटलं, द्या अण्णा, मी इंग्रजीत करून देते. "नगं माय," तुम्ही कागदावरून नजर न काढता म्हणालात, "हे माझं मलाच लिव्हू दे." आवाजात काही नव्हतं. ना राग, ना टोमणा. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलंत. त्यात होतं, पॅनचे काम मला येऊ लागले आहे. मी हसले. म्हटलं, पंधरा वर्षं झाली, लागले आहे काय लिहिता? तुम्ही म्हणालात, "रस रोज येगळा येतो. दाणा आणता येत न्हाई, त्यो येतो तवा वळकायचा. येऊ लागलंय, एवढंच खरं हाय." तेव्हा साहेब दुसरे होते, मराठी बोलणारे. जागा तुम्हाला मिळाली. निवृत्तीपर्यंत एकही पॅन वाया गेला नाही असं तुमच्या सत्काराला कुणीतरी म्हणालं, तर तुम्ही माइकवर जाऊन दोन वाया गेले होते असं सांगितलंत.

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतो. माझ्याकडून तो दुसरा अर्ज का लिहून घेतला नाहीत? तुम्हाला कळलं होतं का? टाइम ऑफिसातल्या हजेरीवाल्याला, बँकेतल्या कुणाला, कुणालाही विचारलं असतंत तर त्या एका शब्दाचा अर्थ पाच मिनिटांत कळला असता. कदाचित पहिल्याच संध्याकाळी कळला असेल, मला समोर बसवण्याआधीच. आणि तरी तुम्ही वर्षानुवर्षं नळावर उभं राहून साहेबाचं इंग्रजी कच्चं असल्याचं सांगत राहिलात. की खरंच तुमचा माझ्यावर इतका विश्वास होता? दोन्हींपैकी काय सोसायला सोपं आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायला दवाखान्यात तुमच्या उशाशी नऊ दिवस मिळाले होते. मी मोसंबी सोलत बसले.

उद्या त्या मुलीला सांगणार आहे की तिचं बरोबर आहे. इंग्रजीत माणूस 'आय' म्हणून पुढे उभा राहतो आणि कामाच्या छातीवर बसतो, आणि हॅव लावलं की झालं, आता शिकायचं काही उरलं नाही. आपल्याकडे माणूस 'मला' म्हणून जरा बाजूला सरकून बसतो, आणि काम त्याच्याकडे येतं, आलं तर. परीक्षेत मात्र प्रभुत्व मिळवणे असंच लिही, हेही सांगावं लागेल, गुण त्याला आहेत. बाकी तुमचा अर्ज, तो कारकून, चाळ, यातलं काही सांगणार नाही. तेवढं धाडस नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, वहीतच राहणार आहे, म्हणून निदान इथे तरी एक वाक्य सरळ लिहिते, त्या दिवशी लिहायला हवं होतं तसं.

अण्णा, साहेबाचं इंग्रजी पक्कं होतं.