लाल शाई

प्रिय बाईसाहेब,

तुझं परतीचं तिकीट रविवारचं काढलंय, खिडकीजवळचं, हे मी तिकडे तुझ्या ताईंना फोनवर सांगितलं तेव्हा तू शेजारीच होतीस म्हणे. बोलली मात्र काही नाहीस. त्याआधी, तिथल्या गाण्याच्या वर्गाने तुला वर्षभर शिकवायला थांब म्हटलंय, हे तू सांगितलंस, तेव्हा मी ‘या वयात कसली मास्तरीण’ म्हणून हसण्यावारी नेलं होतं. तू गप्प राहिलीस. मी समजलो, विषय मिटला.

इकडे सगळं ठीक आहे. फ्रिजच्या दाराचं रबर मी स्वतः बसवलं, मेकॅनिकला पायरी चढू दिली नाही. माझा स्वयंपाक आता गिळता येतो, असं लेकीचं प्रमाणपत्र आहे.

परवा तिने आपल्या ऑर्केस्ट्राच्या वह्या काढल्या. एकवीस वर्षं त्या मीच उतरवल्या. पुरुषाच्या ओळी निळ्या, बाईच्या लाल, काना-मात्रा इकडची तिकडे नाही. कुणा गुरूपुढे न बसता, नुसत्या कानावर शिकलेल्या माणसाचं काम आहे ते. पानं उलटत तिने विचारलं, बाबा, निळी पेनं किती संपली? मी ऐटीत म्हटलं, डझनांनी. आणि लाल? लाल अजून पहिलंच आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, मग बाई बोलली तरी कधी? तुझ्यावर गेलीय.

तिला खोटं पाडायचं म्हणून सगळी युगुलगीतं पुन्हा वाचली. दोनशे चौदा. तो चंद्र तोडून आणतो, वाट अडवतो, जीव द्यायला निघतो. ती लाजते, वाट बघते, ‘जा ना’ म्हणते. तिच्या ‘नाही’चा अर्थ पुढच्या ओळीत तोच सांगून टाकतो, निळ्या शाईत. बाई गं, तुला काय हवंय, असं दोनशे चौदांत एकानेही विचारलेलं नाही. आणि त्या गड्यालाही एकदासुद्धा भीती वाटलेली नाही, हे मला जास्तच खटकलं.

कारण मला वाटली होती. सरावाच्या खोलीत, पंखा बंद करून, तुझ्याकडे बघत मी त्यातलंच लग्नाची मागणी घालणारं एक गाणं म्हटलं त्या दिवशी. सरळ विचारायची छाती नव्हती. तू मान खाली घातलीस, आणि मी घरी जाऊन सांगितलं, ती हो म्हणाली. लग्नानंतर पाचेक वर्षांनी तू हसत म्हणालीस, अहो, मी वहीत माझी ओळ शोधत होते. मीही हसलो होतो. या आठवड्यात ते हसू काही येईना.

तिकीट काल रद्द केलं. येऊ नकोस असं नाही. तुझ्याशिवाय घरातला आवाज बेसूर झालाय, मला भीतीही वाटतेय, पण ती माझी मी सांभाळेन. जे तेव्हा विचारलं नाही ते आता विचारतो. तुला तिथे राहायचंय का? हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. गप्प राहिलीस तर पुन्हा विचारीन, अर्थ लावणार नाही. सोबत ते लाल पेन आणि कोरा कागद ठेवलाय. पेन अजून उठतं, मी रेघ ओढून पाहिलीय.

तुझाच,
न विचारता मास्तर झालेला