भर चैत्रात दोडका बुडाला

शामकला,

मी मोहफुलं वेचाले जाऊन राहिलो, दुपारी येतो. घरामागच्या बाडीतला दोडका मेला. चैत्राच्या उन्हात मालगुजाराचे वेल पाण्यावाचून वाळले, अन् आपला पाण्यानं सडला! तुझा अन् माझ्या आईचा होळीपासून अबोला. सकाळी तू घागर ओतते, मागून आई ओतते, पण एकमेकीले विचाराले दोघींचं तोंड झिजते!

मी पुन्हा बी लावलं. कोठं, ते फक्त आईले सांगितलं. तिले वाचता येत नाही, म्हणून तोंडानं. विहिरीचा दोर लपवला. कोठं, ते फक्त तुले सांगतो: धानाच्या कोठीमागं.

आता दोघी मिळून एकच घागर टाका. अन् मले शिव्या द्यायच्या असतील, तर त्याही मिळूनच द्या.

केवलराम