पार्किंगमधली सत्तावीस पावलं

३ एप्रिल

आज आईवर ओरडले. चारचौघांत, पर्यटकांसमोर.

किती वर्षं मागे लागली होती — "लानयिंग, छिंगमिंगच्या आधी एकदा ने ना गं मला, तुझ्या त्या सम्राटाच्या कबरीवर." आणि माझं दर वर्षी तेच — कबरी झाडायचे दिवस, गर्दी असते, पुढच्या वर्षी बघू. एकोणीस वर्षं मी तिथे गाइड आहे. जगाला फिरवलं, आईला नाही. आज एकदाची नेली, तर ही गत!

बसमधून उतरताच तिने माझा हात सोडला. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या जुन्या झाडाला पाठ टेकून उभी राहिली आणि गाड्यांमधून पावलं मोजत निघाली. सत्तावीसला थांबली, खालीच बसली. पिशवीतून काय काढावं — वाफवलेला पाव, मूठभर दुधाच्या गोळ्या, मेलेल्यांसाठी जाळायचे कागदी पैसे. काडी ओढणार तेवढ्यात मी धावले. तिथे जाळायला सक्त मनाई आहे, माझी नोकरीच गेली असती.

"सम्राटाला तुझा पाव नकोय, आई. वेड लागलंय का?"

कोणीतरी हसलं. आईने सगळं पिशवीत भरलं.

मग दीड तास दगडी घोडे, शिलालेख, टेकडी. तिने नुसती मान हलवली. निघताना हळूच म्हणाली, "झालं ना तुझं? आता तिथे दोन मिनिटं बसू?"

बस सुटत होती. नाही म्हटलं.

५ एप्रिल

छिंगमिंग. दादाचा फोन — सगळे बाबांच्या कबरीवर जाऊन आले, आई घरातून हललीच नाही. "काय बोललीस तिला?" मी थाप मारली. स्वतःचीच लाज वाटते.

६ एप्रिल

फोन केला, चुकले म्हटलं. "अगं, तुझं पोट आहे त्या नोकरीवर." एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

बाओछंगमामा आला होता. सगळं सांगितलं, वाटलं हसेल. त्याने चहा खाली ठेवला. "दुधाच्या गोळ्या होत्या?"

पार्किंगच्या जागी आमचं गाव होतं, ते मला ठाऊकच आहे. गाव उठवलं तेव्हा कबरीही हलवल्या — यादीतल्या. लहानगी पोरं कुठली यादीत? त्यांच्यावर ना मातीचा उंचवटा, ना दगड.

"तुझी थोरली बहीण," मामा म्हणाला. "अडीच वर्षांची होती. झाडापासूनची पावलं तुझ्या आईने तिला पुरलं तेव्हाच मोजून ठेवली."

९ एप्रिल

पर्यटक उतरले की त्याच जागी उभी राहून मी एक वाक्य म्हणते — "इथे पाहण्यासारखं काही नाही, पुढे चला."

आजही म्हटलं. सवयीने.