मोलोच्या कमानींचे घर

बांबूच्या त्रेचाळीस कमानी, राण्यांचे झगे (मोजले नाहीत, पण एकाचीही शिवण उसवलेली नाही), माझी मैत्रीण ओसांग हिच्या पार्लरमधले आरशाचे कपाट आणि या घराचा वरचा मजला, जिन्यासकट: एवढे मी स्वतःच्या हाताने केले. शिक्षण सहावी, शिकवणारा कुणी नाही. मी, एलेउतेरिओ पानिसालेस, वय सत्तावन्न, राहणार मोलो, इलोइलो शहर, फिलिपीन्स, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. याआधी असे काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

घर माझा पुतण्या रामिल याला मिळणार नाही. मला मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत, आणि पुतण्याला कायद्याने सक्तीचा वाटा नसतो. हे वकिलाच्या आधी मी वाचले. रामिल म्हणतो, "काका, भर चौकातली जागा, आणि तुम्ही तिच्यात बांबू साठवता!" तो ते महिन्याभरात विकेल. त्याला माझा हातोडा द्यावा. जिन्याची तिसरी पायरी तो नाताळापासून दुरुस्त करतो आहे.

घर आम्हा बाक्लांच्या मंडळाला द्यावे (बाक्ला म्हणजे पुरुष म्हणून जन्मून बाईच्या वळणाने जगणारे). अट एकच: वरच्या मजल्यावर ओसांग आणि तिच्यासारखे, घरच्यांनी बाहेर काढलेले म्हातारे बाक्ला राहतील, खाली कमानी राहतील. शिलाई मशीनही मंडळाला. तेल मशीनचेच घालावे, खोबरेल नव्हे.

कमानी का, तेही लिहितो. मे महिन्यातल्या राण्यांच्या मिरवणुकीचे झगे आम्ही शिवायचे, राण्यांच्या डोक्यावर धरायच्या कमानी मी बांधायच्या, आणि राणी होऊन चालायला मात्र चर्चच्या समितीची आम्हाला मनाई. समितीला मी काहीही ठेवत नाही. मग एका जूनमध्ये आमचा पहिला मोर्चा निघाला. मोर्चा कसा काढतात ते कुणालाच ठाऊक नव्हते. मिरवणूक तेवढी काढता येत होती. म्हणून झगे, कमानी, बँड. रस्त्यावरच्या आज्या चर्चचीच मिरवणूक समजून मेणबत्त्या घेऊन मागून चालू लागल्या.

"ही कोणती राणी ग?" एकीने विचारले.

"राणी एलेना, आजी," ओसांग म्हणाली.

"मे महिना संपला की! एवढा उशीर?"

"मेकअपला वेळ लागला."

चौकात ओसांगने मागणी वाचली: पोलिसांनी आम्हाला मारू नये, मालकांनी कामावरून काढू नये. आजीला सगळा प्रकार कळला. "पाय दुखेपर्यंत चालवलंत मेल्यांनो," ती म्हणाली, "आता ऐकूनच जाते." तेव्हापासून कमानीशिवाय आमचा मोर्चा निघत नाही.

साक्षीदार तिघे, कायद्याप्रमाणे. तिघांनाही यातून काही मिळत नाही: सालोमे दिवागा, बेकरीवाल्या. नेस्तोर गुमाबोंग, सुतार. पेर्ला हिनोलान, शिक्षिका. ठिकाण मोलो, तारीख १४ जुलै २०२२. सह्या सर्वात खाली.

सह्यांच्या वर एक नोंद हवी. सहीखाली लिहिलेले धरत नाहीत. गेल्या महिन्यात एका बांधकाम कंपनीचा माणूस आला होता. घर विकत घेतो, तीस दिवसांत मोकळे करा म्हणाला. ओसांग वरून ओरडली, "तीस दिवसांत माझे विगसुद्धा खाली उतरायचे नाहीत!" मी त्याला कॉफी दिली आणि नाही म्हटले. देकार होता एक कोटी चाळीस लाख पेसो.