देवळाच्या खांबाचं वय

आण्णा, आपल्या मळ्यातल्या देवळाच्या लाकडी खांबाचं वय काढलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. शेजारच्या चांद्याकडून टाउनशिप सरकत सरकत आपल्या बांधाला भिडली आहे, आता मळाही तिच्या आराखड्यात आलाय. देऊळ हलवून कोपऱ्यात बांधून देतो, असं बिल्डरची माणसं म्हणतात. खांब पुरातन निघाला तर हात लावणार नाहीत, म्हणून दादा त्याची एक ढलपी पिशवीत घालून माझ्या प्रयोगशाळेत घेऊन आला. लाकडातला एक प्रकारचा कार्बन झाड मेल्यापासून ठरावीक गतीने घटत जातो, उरला किती त्यावरून आम्ही वय सांगतो. आमच्या पोरांनी अर्धी ढलपी नेहमीसारखी आम्लात धुऊन मोजली. वय आलं दोन हजार वर्षं. दादाने फोनवर आरोळीच ठोकली, "बघ, पांडवांचा हाय! आता कोण हलवतंय बघतोच!"

मला मात्र तुम्ही दिसत होता. जत्रेआधी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात काढून फडक्याने खांबाला चोपडताय, आई ओरडतेय, "अवो, देवाला कसलं तेल लावताय?" आणि तुमचं ठरलेलं, "देवाला न्हाई, वाळवीला लावतोय." असल्या कोट्यवधी वर्षं जुन्या खनिज तेलातला तो कार्बन केव्हाच संपलेला असतो. ते लाकडात मुरलं की यंत्र फसतं, अलीकडचं लाकूड म्हातारं दिसतं. आणि आम्लाने ऑइल जातंय कुठलं! तुमच्यापायी अख्खी प्रयोगशाळा तोंडावर आपटली, मला भलतंच हसू आलं.

उरलेली ढलपी तेल काढून पुन्हा मोजली. गेल्या तीनेकशे वर्षांतली, एवढंच कळलं. इतक्या जवळचं यंत्राला नीट दिसत नाही. "पयला कागद दे की, दुसरा कुणी मागितलाय?" दादा म्हणाला. नाही दिला. देऊळ हलणार, खांबासकट. वाईट वाटतं, फार वाटतं. "माज्या आज्यानं रोवलाय," असं तुम्ही सांगायचात तेव्हा गाव हसायचं, त्यांना पांडवच हवे होते. यंत्राने तुम्हाला खोटं पाडलं नाही, खरंही ठरवलं नाही. अहवालात मी तेवढंच लिहिलं.

परवा जत्रेआधी गावी गेले. खांबाला तळाशी वाळवी लागली होती. गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं आणि चोपडत बसले. दादा बघतच राहिला. "आगं, तुजं यंत्र पुन्हा फसंल की!"

"फसू दे," मी म्हटलं. "आण्णांच्या आज्यानं रोवलाय."

हे अहवालात नाही. हे पत्र टाकायला पेटीही नाही, म्हणून इथे कबूल करते.